पतंग, दिवा आणि कंबर धरणारा हात





पावसाळ्याच्या दिवसांत कळंब्यासारख्या वस्तीत, जिथे एका बाजूला संस्थानकालीन तलावाचे पाणी, दुसऱ्या बाजूला उसाची शेते आणि मध्ये नव्या घरांची अंगणे आहेत, कण्हेरीच्या व तगरीच्या झाडांवर एक मोठी हिरवी अळी आढळते. एका सकाळी तगरीची फांदी पाने नसलेली दिसते, आणि शोधू लागल्यावर बोटाएवढ्या जाडीची अळी देठाला चिकटलेली सापडते. मुले ओरडतात, मोठी माणसे औषधाची बाटली शोधतात. तिच्या अंगावरचे दोन निळे डोळे पाहून काहींना सापाचे पिल्लू असल्याचा भास होतो.

या अळीविषयी आणि तिच्यापासून होणाऱ्या पतंगाविषयी आज थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. कुरआनने मधमाशी, मुंगी, कोळी आणि डास यांचा उल्लेख केला आहे आणि पतंगाचाही केला आहे. ज्या ग्रंथाने डासाचे उदाहरण देण्यात संकोच मानला नाही, त्या ग्रंथाच्या अनुयायांनी अंगणातील अळीकडे तुच्छतेने पाहणे योग्य नव्हे.

अळीचे रूप आणि तिची उपजीविका

हा कण्हेरीचा पतंग आहे. हॉक मॉथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगवान पतंगांच्या कुळातील ही एक जात. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली आणि कण्हेरीवरूनच तिला नाव दिले. आज तिला डॅफ्निस नेराय म्हणतात. मादी पानांवर एकेक करून फिकट हिरवी, लहान अंडी घालते. काही दिवसांत त्यांतून अळी बाहेर पडते. आरंभी तिच्या शेपटाकडील टोकावर लांब, काळे, केसासारखे शिंग असते. कात टाकत ती वाढते, शिंग आखूड व पिवळसर होते, अंग गर्द हिरवे होते, दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ उमटते आणि डोक्यामागे काळ्या कडेचे दोन निळसर पांढरे ठिपके दिसू लागतात. धोका जाणवताच ती डोके खाली वळवून ते ठिपके फुगवून दाखविते. पक्ष्याला वाटते की कोणी मोठा प्राणी आपल्याकडे रोखून पाहत आहे. खरे तर हे डोळे पाहत नाहीत. शिंग टोचत नाही आणि अंगावर खाजरे केसही नाहीत. ज्या अळीला आपण भितो, तिच्याकडे स्वतःच्या रक्षणासाठी या देखाव्याखेरीज फारसे काही नाही.

आता तिच्या अन्नाकडे पाहा. कण्हेर विषारी आहे, हे आपल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तिच्या पानांतील द्रव्य थेट हृदयावर परिणाम करते, म्हणून कण्हेरीकडे वळलेली शेळी शेतकरी तत्काळ हाकलून लावतो. तेच पान ही अळी दिवसरात्र खाते आणि त्यावर पोसून सात-आठ सेंटीमीटर लांबीची होते. सूरह हूद (११:६) मध्ये अल्लाहने सांगितले आहे की पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक जिवाच्या उपजीविकेची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली आहे. आपण ही आयत ऐकतो आणि आपल्या पगाराचा विचार करतो. परंतु रज्जाक या नावाचा अर्थ त्याहून फार व्यापक आहे. एकाला जे विष आहे, त्यातच दुसऱ्याची भाकरी ठेवणे हे त्याचेच काम होय.

सूरह ताहा (२०:५०) मध्ये फिरऔन हजरत मूसा (अ.) यांना विचारतो की तुमचा रब कोण. मूसा (अ.) यांच्या उत्तराचा आशय असा की ज्याने प्रत्येक वस्तूला तिचे स्वरूप दिले आणि मग तिला मार्ग दाखविला, तो आमचा रब. अळीला तिची आई कधी भेटत नाही. कोणते पान खावे, कधी थांबावे, कोठे लपावे, हे तिला कोणी शिकविलेले नसते. तरी ती चुकत नाही. स्वरूप आणि मार्गदर्शन या दोन्ही देणग्या एकाच दात्याकडून येतात, हा त्या उत्तराचा गाभा आहे.

मातीवरचा कोश

सुमारे दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर अळीत एक विलक्षण बदल होतो. तिची भूक थांबते. हिरवे अंग तपकिरी पडते. ज्या झाडावर तिचे सारे आयुष्य गेले, ते झाड सोडून ती खाली उतरते आणि पाचोळ्यात स्वतःभोवती विरळ धाग्यांचे आवरण विणून कोशात जाते. उबदार हवेत सुमारे दोन आठवड्यांनी त्या कोशातून पतंग निघतो. पंखांचा पसारा आठ ते बारा सेंटीमीटर. रंग गडद व फिकट हिरवा, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा, जणू संगमरवरावरील शिरा. हा पतंग तिन्हीसांजेला उडतो, फुलासमोर हवेतच स्थिर राहून लांब सोंडेने मध पितो आणि पान कधी खात नाही.

त्याची झेपही पाहण्यासारखी आहे. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि दक्षिण आशिया हे त्याचे वर्षभराचे घर आहे. उन्हाळ्यात हाच पतंग भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात जातो, काही तर ब्रिटनपर्यंत पोहोचतात. काल एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर सरकण्यास ज्याला बराच वेळ लागत होता, तो आज समुद्र पार करतो.

कोशाच्या आत काय घडते, याचा अभ्यास झालेला आहे. अळीच्या शरीराचा मोठा भाग विरघळतो आणि पेशींच्या काही लहान पुंजक्यांपासून पंख, पाय व डोळे घडतात. हे पुंजके अळीच्या शरीरात आधीपासूनच असतात. म्हणजे पान खाणाऱ्या त्या जिवाच्या आत पंखांची तयारी चाललेली होती, आणि त्याची त्याला जाणीव नव्हती.

अनेक वक्ते या ठिकाणी थांबून म्हणतात की पाहा, हा पुनरुत्थानाचा पुरावा. आपण थोडे सावधपणे बोलू. कोश हा मृत नसतो, त्यामुळे त्यातून जिवंत प्राणी निघणे आणि कुजलेल्या हाडांतून मनुष्य उठविला जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कुरआनचा युक्तिवाद वेगळा आणि अधिक भक्कम आहे. सूरह यासीनच्या अखेरीस (३६:७८-७९) हाडे पुन्हा कोण जिवंत करील असे विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते असे, की ज्याने त्यांना पहिल्यांदा निर्माण केले तोच. कोश आपल्याला पुरावा देत नाही, तो आपली कल्पनाशक्ती दुरुस्त करतो. आपण समजतो की जे आज दिसते तेवढेच शक्य आहे. पाचोळ्यातील तो तपकिरी कोश आपल्या या समजुतीला खोटे ठरवितो.

काय उरते, काय सोबत येते

आता एका प्रयोगाची हकीकत ऐका. २००८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कुळातील दुसऱ्या एका पतंगाच्या, तंबाखूवरील हॉक मॉथच्या, अळ्यांना एक विशिष्ट वास दिला आणि त्यासोबत विजेचा सौम्य धक्का दिला. अळ्या तो वास टाळू लागल्या. पुढे त्या कोशात गेल्या, त्यांची शरीरे विरघळून नव्याने घडली आणि पतंग बाहेर आले. कोशात जाण्यापूर्वीच्या शेवटच्या अवस्थेत ज्यांनी तो धडा घेतला होता, ते पतंग झाल्यावरही तो वास टाळत होते. रूप पालटले, अन्न पालटले, चालणाऱ्याचा उडणारा झाला, तरी शिकलेले पुसले गेले नाही.

हा केवळ एका कीटकाविषयीचा शोध आहे. आखिरत त्यावर अवलंबून नाही. परंतु ज्याला सूरह जिलजाल पाठ आहे, तो हे वाचून क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. त्या सूरहमध्ये (९९:७-८) कणभर भलाई आणि कणभर बुराई दोन्ही माणसासमोर येतील असे सांगितले आहे. आपण मात्र असे जगतो की जणू काही विसरले जाईल. तारुण्यात केलेले लग्नानंतर विसरले जाईल, शहरात केलेले गावात विसरले जाईल, मोबाईलमधून पुसलेले सर्वत्र पुसले जाईल. जे आत रुजले ते सोबत येते. सवय ही गोष्ट रूप बदलल्याने सुटत नाही, ती तौबेने आणि प्रयत्नाने सुटते.

दिव्याभोवतीची फेरी

कुरआनमध्ये पतंग येतो तो सूरह अल-कारिआमध्ये. अकरा आयतींच्या या मक्की सूरहमध्ये (१०१:४) कयामतच्या दिवशीच्या माणसांना विखुरलेल्या पतंगांची उपमा दिली आहे. कोणाला दिशा नाही, कोणाला कोणाची ओळख नाही, सारे एकमेकांवर आदळत आहेत. पावसाळ्याच्या पहिल्या दिवसांत रस्त्यावरील दिव्याखाली उभे राहून वर पाहिले की हे चित्र डोळ्यांनी दिसते.

पतंग दिव्याकडे का येतो? कवींनी सांगितले की तो शमेवर आशिक आहे. उर्दू काव्यात हा पतंग प्रेमाचा आदर्श झाला. परंतु २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपून एक निराळी गोष्ट दाखविली. रात्री उडणाऱ्या कीटकाला वर-खाली कळण्यासाठी एक साधी खूण दिलेली आहे. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून जिकडे उजेड तिकडे तो पाठ करतो. लाखो वर्षे ही खूण बिनचूक चालली. मग माणसाने जमिनीजवळ दिवा लावला. कीटक त्याच्या शेजारून जाताना दिव्यालाच आकाश समजतो, पाठ त्याच्याकडे वळवितो, कलतो आणि गोल फिरू लागतो. दिव्याच्या वरून गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. त्याला दिव्याचे प्रेम नसते. आपण सरळ उडत आहोत अशी त्याची खात्री असते, आणि तीच त्याला फिरवत ठेवते.

याच अभ्यासात काही अपवादही आढळले. त्यांपैकी एक आपला कण्हेरीचा पतंग. प्रयोगशाळेत तो दिव्यावरून उडाला, पण उलटा झाला नाही. दिवा होता, डोळ्यांवर उजेड होता, तरी त्याची दिशा ढळली नाही. तात्पर्य एवढेच की उजेडाच्या जवळून जाणारा प्रत्येक जीव कोसळलाच पाहिजे असा नियम नाही.

ती हदीस आणि आपले घर

आता ती हदीस आठवू या, जी सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून आली आहे. पैगंबर (स.) यांनी स्वतःचे आणि लोकांचे उदाहरण दिले. एका माणसाने आग पेटविली. उजेड पसरताच पतंग आणि कीटक तिच्यात पडू लागले. तो त्यांना हाकलू लागला, पण ते त्याला न जुमानता आत पडतच राहिले. आपण (स.) म्हणाले की तसाच मी तुमच्या कमरा धरून तुम्हांला आगीतून मागे ओढतो आहे, आणि तुम्ही तिच्यात शिरता आहात.

या हदीसमधील एक गोष्ट आपण नेहमी वाचून पुढे जातो. पैगंबर (स.) यांनी दूर उभे राहून हाक मारली असे तेथे नाही. त्यांनी कंबर धरली आहे. कंबर धरण्यासाठी जवळ जावे लागते, आगीची धग सोसावी लागते, आणि ज्याला धरले तो हात झटकतो तेही सोसावे लागते.

आज आपल्या घरांतील आग कोणती, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड दिसतो. आई समजते की मुलगा अभ्यास करतो किंवा मित्रांशी बोलतो. तो सामन्यावर पैसे लावत असतो. आरंभी शंभर रुपये जिंकतो. मग हरलेले परत मिळविण्यासाठी लावतो, मग व्याजाने घेतो, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावतो. सरकारने २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु सूरह माइदाने (५:९०-९१) दारू आणि जुगार यांना सैतानी घाण ठरवून चौदाशे वर्षे झाली, तरी तो उजेड पांघरुणाखाली आहेच. बंदी दिवा विझवू शकते, दिशा देऊ शकत नाही.

अशा मुलाला कोणी विचारले की तुला जहन्नम आवडते का, तर तो चकित होईल. त्याला आग नको आहे. त्याला कर्ज फेडायचे आहे, बापासमोर मान वर करून उभे राहायचे आहे, सरळ उडायचे आहे. त्याने फक्त जवळच्या दिव्याला आकाश मानले आहे. म्हणूनच त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. गोल फिरणाऱ्याला आणखी जोराने उडण्यास सांगणे म्हणजे आणखी फेऱ्या मारायला लावणे. त्याला खरे आकाश कोठे आहे ते दाखवावे लागते, आणि तोपर्यंत धरून ठेवावे लागते.

मग प्रश्न असा की धरणार कोण? पैगंबर (स.) यांची शिकवण आपल्यापाशी आहे, पण कंबर धरण्यास आज आपलेच हात आहेत. एका हदीसमध्ये (बुखारी) आपण (स.) यांनी आपल्या भावाला मदत करण्यास सांगितले, तो जुलूम करणारा असो वा ज्याच्यावर जुलूम झाला तो. जुलूम करणाऱ्याला मदत कशी करावी, असे विचारल्यावर आपण (स.) यांनी त्याचा हात धरून त्याला रोखण्यास सांगितले. रोखणे हीच त्याची मदत.

रोखण्याचीही एक रीत आहे. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. दारू प्यायल्याबद्दल एका माणसाला शिक्षा झाली. तो जाऊ लागताच कोणीतरी त्याला बद्दुआ दिली. पैगंबर (स.) यांनी त्यास मनाई केली आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका असे समजाविले. शिक्षा झाली, गुन्ह्याला गुन्हाच म्हटले गेले, तरी तो माणूस भाऊच राहिला.

कळंब्याचे नाव महाराष्ट्रात अनेकांना येथील मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक आहे. त्या भिंतींच्या आत कोण कोणत्या कारणाने आहे, याचा निवाडा न्यायालय करते. आपला प्रश्न त्यानंतरचा आहे. जो शिक्षा भोगून बाहेर येतो आणि जुमुआच्या दिवशी मस्जिदीत सफमध्ये उभा राहतो, त्याच्या शेजारची जागा रिकामी का राहते? त्याच्या मुलीच्या स्थळाची चौकशी दारातूनच का परत जाते? सूरह जुमर (३९:५३) मध्ये अल्लाहने स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांना आपल्या कृपेपासून निराश होऊ नका असे सांगितले आहे. अल्लाहने उघडा ठेवलेला दरवाजा मोहल्ल्याने बंद करावा, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

काही कामे, आजपासूनची

घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांशी पैशांविषयी मोकळेपणाने बोलावे. ज्या घरात हरल्याचे सांगता येते, त्या घरात मुलगा पहिल्या हजारावर थांबण्याची शक्यता असते. ज्या घरात सांगता येत नाही, तेथे तो सावकार दारात येईपर्यंत लपवितो. कर्ज उघड झाल्यास आणखी व्याजी कर्ज काढून ते झाकू नये. नातेवाइकांनी एकत्र बसून मुद्दलाची व्यवस्था करावी आणि मुलाच्या हाती रोख न देता देणेकऱ्याला परस्पर द्यावी. मस्जिदीच्या जबाबदार मंडळींनी अशा कुटुंबांची वाच्यता न करता मदत करावी. झाकणे आणि सावरणे ही दोन्ही सुन्नत आहेत. आणि भगिनींनो, मुलाचा चेहरा बदललेला प्रथम तुम्हांला कळतो. तुमचा हात प्रथम पोहोचतो. संकोचामुळे तो मागे घेऊ नका.

आणि त्या अळीविषयीही. सूरह अनआम (६:३८) नुसार जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव हे आपल्यासारखेच समुदाय आहेत. एका पैगंबरांना मुंगी चावली म्हणून त्यांनी सारे वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना समज दिली, हे बुखारी व मुस्लिम यांतील हदीसमध्ये आले आहे. पिकाचे नुकसान होत असेल तर उपाय करणे जायज आहे. परंतु अंगणातील तगरीची चार पाने गेली म्हणून सारे झाड विषाने भिजविण्याचे कारण नाही. तगरीला पुन्हा पाने फुटतात. फारच अडचण असेल तर अळीसह फांदी उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर ठेवावी आणि कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हात धुवावेत. मुलांना तिचा कोश होईपर्यंत पाहू द्यावे. ज्या मुलाने एका जिवाला वाढताना पाहिले आहे, त्याला सुभानल्लाह म्हणण्यास वेगळे शिकवावे लागत नाही.

हे अल्लाह, तू प्रत्येक जिवाला रूप दिलेस आणि मार्ग दाखविलास. आमच्या मुलामुलींना खोट्या उजेडापासून दूर ठेव. जे भोवऱ्यात सापडले आहेत त्यांना परत फिरण्याचे बळ दे, आणि त्यांना धरणाऱ्या हातांना धीर दे. आमच्या अंतःकरणात जे चांगले रुजले आहे ते आमच्या सोबत ऊठव, आणि जे वाईट आहे ते तौबेने पुसून टाक. त्या दिवशी, जेव्हा माणसे विखुरलेल्या पतंगांसारखी असतील, तेव्हा आम्हांला आमच्या पैगंबरांच्या (स.) जवळ एकत्र कर. आमीन.